मावशीची कधीच न दुखणारी पाठ

आमच्या हॉस्पिटलात वॉर्डात काम करणाऱ्या सगळ्याच बायकांना मावशी म्हणतात. पण बाकीच्यांना काहीतरी शेपूट लावावं लागतं. खिडकीजवळच्या मावशी, चष्मेवाल्या मावशी, उंच मावशी. नुसतं 'मावशी' म्हटलं की ती एकच, आणि ती माझी सख्खी मावशी आहे, आईची धाकटी बहीण. मोठमोठे डॉक्टर तिला वाट देतात. ते आदराने देतात असं तिचं म्हणणं. माझं म्हणणं असं की हातात बेडपॅन घेऊन भरधाव येणाऱ्या बाईला कुणीही वाट देईल.

मावशी बुटकी आहे. पलंगाच्या कठड्याशी उभी राहिली की पलीकडून फक्त अंबाडा दिसतो. पण तिच्या दुप्पट वजनाच्या माणसाला तिने पलंगावरून खुर्चीत आणि खुर्चीतून पलंगावर असं कितीदा नेलं असेल, त्याला गणती नाही. आमचा वॉर्ड अर्धांगवायूच्या आणि मोडलेल्या हाडांच्या माणसांचा. इथे कुणी आपणहून कूससुद्धा बदलत नाही. मावशी जवळ जायची, माणसाच्या काखेखालून हात घालायची आणि कानात म्हणायची, "लाजू नका, मला काय तुमच्याशी लग्न करायचंय?" तो माणूस हसेपर्यंत खुर्चीत बसलेला असायचा.

तिचा एक नियम होता आणि तो तिने आम्हा सगळ्यांच्या हाडीमाशी खिळवला होता. उचलताना दुसरीला हाक मारायची नाही. नवी कोणी आली आणि "अहो, जरा हात लावता का?" असं ओरडली, की मावशी यायची, तिला कोपराने बाजूला सारायची, पेशंट एकटीने उचलायची आणि दिवसभर तिच्याशी अबोला धरायची. आमच्या वॉर्डात हाक मारणं म्हणजे नाक कापून घेणं होतं. दुसऱ्या वॉर्डातल्या बायका जोडीजोडीने उचलायच्या, तर आमच्या त्यांना 'बैलजोडी' म्हणून हसायच्या. मीही हसले आहे. आपल्याला कुणी वाघीण म्हटलं की आपण गुरगुरून दाखवतोच.

आता तळघरातल्या कपड्यांच्या खोलीबद्दल सांगायला हवं, कारण पुढचं सगळं रामायण तिच्यामुळे घडलं. हॉस्पिटलच्या चादरी, खोळी, ऑपरेशनचे हिरवे कपडे धुऊन तिथे येतात, तिथे त्यांच्या घड्या होतात आणि तिथून वर जातात. ज्या बाईने पाठ दुखते म्हणून तक्रार केली, तिला मोठ्या सिस्टर 'हलकं काम' म्हणून तिथे पाठवायच्या. मोठ्या सिस्टर म्हणजे आमच्या वॉर्डाच्या प्रमुख. बाई वाईट नाही. त्यांना ती दयाच वाटायची. पण खाली गेलेली बाई पुन्हा वर आलेली कुणी पाहिली नव्हती. उंच मावशी अशीच गेली आणि तिथलीच झाली. खिडकी नाही, पेशंट नाही, नातेवाईक नाहीत, भांडायला कुणी नाही.

मावशीला त्या खोलीची धास्तीच होती. तिला मूलबाळ नाही, काका जाऊन खूप वर्षं झाली, घरात ती आणि मी. तिचं घरदार, गणगोत, करमणूक, सगळं वॉर्डात. एकदा मला म्हणाली होती, "मला तिथे टाकलं ना, तर मी चादरींशी बोलायला लागेन, आणि मग मला मनोरुग्णांच्या वॉर्डात नेतील." हसत म्हणाली, पण हसू डोळ्यांपर्यंत पोचलं नाही.

अशा आमच्या सुखी वॉर्डात एक दिवस 'पाठ जपा' नावाचा उपक्रम आला.

उपक्रमाबरोबर एक सर आले. फिजिओथेरपी शिकलेले, सडपातळ, तरुण, कान जरा पुढे आलेले. त्यांच्यासोबत एक खोकं होतं. आम्हा सगळ्यांना हॉलमध्ये ओळीत उभं केलं आणि खोकं कसं उचलायचं ते सरांनी दाखवलं. गुडघे वाकवा, पाठ सरळ ठेवा, वस्तू अंगाजवळ घ्या, उचलताना कंबरेत वळू नका. आम्ही एकेकीने खोकं उचललं. खिडकीजवळच्या मावशींनी तर इतकं छान उचललं की टाळ्या पडल्या.

मावशीची पाळी आली. तिने खोक्याकडे पाहिलं, सरांकडे पाहिलं.

"अरे सर," ती म्हणाली. ती त्यांना सर म्हणायची आणि अरे-तुरे करायची. "हे खोकं मधेच 'अगं आई गं' करून गळ्यात पडतं का?"

"नाही, मावशी."

"याला सलाईन लावलेलं असतं? याला मधेच शू लागते?"

हॉल हसला. मला वाटलं, सरांचा पोपट झाला, आता हे गोरेमोरे होणार. तर तेही हसले. म्हणाले, "मला माहीत आहे, मावशी. नुसतं उचलायला शिकवून पाठी वाचत नाहीत. हे बऱ्याच ठिकाणी तपासून झालंय."

"मग शिकवतोस कशाला?"

"मला खोकं दिलंय," सर हळू आवाजात म्हणाले. "रोज थोडा व्यायाम करा, उचलायला यंत्र वापरा, जोडीने उचला, हे मी वर सांगून पाहिलं. त्याने थोडा तरी फरक पडतो. वरचे म्हणाले, त्याला वेळ कुठे आहे? खोक्याला वेळ लागत नाही."

मावशीला असलं खरं बोलणारा माणूस आवडतो. त्या दिवसापासून ती त्यांना रोज चहा पाजू लागली, आणि त्यांचं एकही ऐकेनाशी झाली.

खोक्यानंतर पट्टे आले. कंबरेला बांधायचे रुंद, काळे, ताणले जाणारे. हे साहेबांनी, म्हणजे हॉस्पिटलच्या प्रमुखांनी, कुठेतरी पाहून मागवले होते. सरांनी नाक मुरडलं, पण पट्टे वाटले. आठवड्याभरात ते भलत्याच कामाला लागले. मावशीच्या पट्ट्यात कात्री, कपाटाच्या किल्ल्या, चिकटपट्टीचं रीळ आणि बिस्किटाचा पुडा. चष्मेवाल्या मावशींनी आपला पट्टा ड्रायव्हर आजोबांना खुर्चीत बांधायला दिला.

ड्रायव्हर आजोबा हे आमचे सर्वांत जुने आणि सर्वांत वजनदार पेशंट. आयुष्यभर ट्रक चालवलेला. आता डावं अंग गेलेलं, पण तोंडाची उजवी बाजू दोघांचं काम करायची. मावशीशिवाय कुणाला अंगाला हात लावू द्यायचे नाहीत. ती आली की म्हणायचे, "टाका गिअर," आणि ती त्यांना उचलायची. पट्टा बांधल्यावर ते म्हणाले, "सगळी गाडी मोडल्यावर सीटबेल्ट लावताय होय?"

आणि तो पाळणा. म्हणजे पेशंट उचलायचं यंत्र. चाकांवरचा उंच खांब, त्याला पुढे आलेली दांडी, दांडीला जाड कापडाची झोळी. झोळी पेशंटच्या खाली सरकवायची, हुकांना लावायची, बटण दाबायचं, माणूस अलगद वर. आमच्या वॉर्डात तो कधीपासूनच होता. कोपऱ्यात उभा. त्याच्या दांडीवर आम्ही हातपुसणी वाळत घालायचो. उन्हाच्या बाजूला होता, छान वाळायची.

सरांनी पाळण्याचं नाव काढलं की मावशीचा तिळपापड व्हायचा. "माणूस आहे तो. विहिरीतली बादली नाही." आजोबाही तिच्या बाजूने. "मला क्रेनने उचलायचं असेल तर सरळ भंगारात घाला," असं त्यांनी सगळ्या वॉर्डाला ऐकवलं होतं.

उपक्रमाचा उपयोग होतोय की नाही हे बघायची रीतही ठरली होती. सकाळी कामावर आलो की आम्ही रांगेत उभ्या राहायचो आणि मोठ्या सिस्टर विचारायच्या, "कुणाची पाठ दुखतेय का?" आम्ही सगळ्या वर छताकडे बघायचो. छताला एक ओलीचा डाग होता, तो कसा पसरत गेला हे मला अजून पाठ आहे. कुणी काही बोलायचं नाही. सिस्टर समाधानाने मान हलवायच्या, वर कळवायच्या. साहेबांना आभाळ ठेंगणं झालं. अख्ख्या वॉर्डात एकही तक्रार नाही! खोकं आणि पट्टा, दोघांनी मिळून पाठदुखी मुळासकट उपटली.

खरी गंमत अशी की आमच्या घरात त्या वेळी दोन पाठी दुखत होत्या आणि गरम पाण्याची पिशवी एकच होती.

मावशीची दुखते हे मला तिच्या पायांवरून कळलं. घरात काही खाली पडलं की ती ते पायाच्या बोटांनी उचलायला लागली. चमचा, कंगवा, एकदा तर वर्तमानपत्र. सपाता बसून घालायला लागली. संध्याकाळी जमिनीवर उताणी पडून पाय खुर्चीवर टाकायची आणि म्हणायची, "इथून टीव्ही बरा दिसतो." टीव्ही तिच्या डोक्यामागे होता.

आणि माझी? माझी थंडीत सुरू झाली. कंबरेच्या थोडं वर, उजवीकडे, कुणीतरी अंगठा रोवून ठेवल्यासारखी. मावशीला सांगायची सोय नव्हती. तिची भाची, तिने लावून दिलेली नोकरी, तिच्या हाताखाली शिकलेली, आणि पाठ दुखते? शिवाय सांगितलं असतं तर मी कपड्यांच्या खोलीत गेले असते, आणि मावशीला वॉर्डात तोंड दाखवायला जागा उरली नसती. म्हणून मी गप्प. आणि तीही गप्प. मग भर उन्हाळ्यात आम्ही दोघी त्या एका पिशवीवरून भांडायचो.

"मला जरा गारठा वाटतोय," मी म्हणायची.

"या उकाड्यात? आण इकडे, माझ्या पोटात कळ आहे."

"पोटात कळ आहे तर पाठीखाली काय घेतेस?"

"आतून पोचते ती."

तिला माझं कळलं नाही, कारण तिचं सगळं लक्ष स्वतःचं लपवण्यात. मला मात्र दोन्ही कळत होतं आणि दोन्हीचा राग येत होता. रागाचं काय करायचं हे न सुचून मी शेवटी सरांकडे गेले.

दुपारी जेवणाच्या सुट्टीत व्यायामाच्या खोलीत कुणी नसायचं. सरांनी मला सतरंजीवर झोपवलं, गुडघे वर घ्यायला सांगितले, मग कंबर उचलायला, मग हातापायांवर ओणवं होऊन एक हात पुढे, एक पाय मागे. मी दात-ओठ खात करायची. कुणाला सांगायचं नाही, हे मी त्यांच्याकडून वदवून घेतलं. म्हटलं, "फायदा होईल का?"

"होईल असं वाटतं," सर म्हणाले. "छातीठोकपणे नाही सांगत. पण वर्षभर छताकडे बघण्यापेक्षा नक्की जास्त."

मी रोज जाऊ लागले, आणि रोज केस विसकटलेले, तोंड लालबुंद आणि चालीत जरा हलकेपण घेऊन परत येऊ लागले. मावशीची नजर घारीची. तिने दोन आणि दोन बावीस केले.

"तुझं सरांशी काय चाललंय?" तिने एका संध्याकाळी जमिनीवरूनच विचारलं.

मी काय सांगणार? नाही म्हणावं तर मग कुठे जातेस ते सांग. खरं सांगावं तर घरात धरणीकंप. मी मान खाली घातली. मावशीने त्याचा जो अर्थ घ्यायचा तो घेतला.

दुसऱ्या दिवसापासून सरांच्या चहाला बिस्किटं आली. "घरी कोण कोण असतं रे, सर?" "आई चिडकी आहे का?" "कान वडिलांवर गेलेत?" एकदा तर तिने त्यांना चष्मा नसताना लांबची पाटी वाचायला लावली. सर बिचारे, त्यांना वाटलं मावशीला अखेर उपक्रमात रस वाटू लागला. ते उत्साहाने म्हणाले, "मावशी, तुम्हीही या की दुपारी. तुम्हाला तर जास्त गरज आहे." त्यांनी तिला पायाच्या बोटांनी कापसाचा बोळा उचलताना पाहिलं होतं. मावशीने जो काही चेहरा केला तो मी शब्दांत सांगू शकत नाही. तिच्या डोक्यात वेगळाच चित्रपट चालू होता.

मग साहेबांनी ठरवलं की एवढ्या यशस्वी उपक्रमाचा समारंभ व्हायला हवा. दुसऱ्या हॉस्पिटलांतून पाहुणे येतील, भाषणं होतील, आणि कधीच पाठ न दुखलेल्या आमच्या मावशी माणूस कसा उचलावा हे करून दाखवतील. मावशीला सांगायला मोठ्या सिस्टर स्वतः आल्या. "तुम्हीच आमचा आदर्श," म्हणाल्या. मावशीने हो म्हटलं. नाही म्हणायला कारण काय देणार? त्या आठवड्यात गरम पाण्याची पिशवी माझ्या वाट्याला एकदाही आली नाही.

समारंभाच्या दिवशी हॉल गच्च भरला. आम्ही सगळ्या मागे उभ्या. मंचावर एक पलंग, एक खुर्ची, एक माईक. पेशंट म्हणून कँटीनवाल्या भाऊंना झोपवलं होतं. का, तर ते जाड आहेत आणि रिकामे आहेत, असं साहेबांचं मत. पँटवर हॉस्पिटलचा झगा चढवून भाऊ मोठ्या खुशीत पडले होते. एक गोष्ट कुणी विचारली नव्हती. भाऊंना गुदगुल्या होतात. साध्यासुध्या नाहीत. दुरून बोट दाखवलं तरी होतात.

मावशी पुढे झाली. भाऊंना बसतं केलं, पाय खाली सोडले. मग गुडघे वाकवले, पाठ सरळ, अगदी खोक्यासारखी. कंबर धरून बसलेली बाई इतकी सरळ वाकली याचं मला कौतुक वाटलं. तिने भाऊंच्या काखेत हात घातले, उचलले, आणि भाऊ खिदळले. नुसते खिदळले नाहीत, मासोळीसारखे वळवळले, तिच्या हातातून निसटले आणि धपकन पलंगावर बसले. मावशी मात्र जिथे होती तिथेच राहिली. गुडघे वाकलेले, हात पुढे, मान वर, चेहऱ्यावर हसू.

ती हललीच नाही.

"पाहा," साहेब माईकमध्ये म्हणाले, "किती स्थिर स्थिती!"

टाळ्या झाल्या. मावशी तशीच. टाळ्या थांबल्या. मावशी तशीच. पाहुण्यांपैकी एकाने तिचा फोटो काढला. मी माणसं ढकलत मंचावर गेले.

"मावशी?"

"अडकले," ती ओठ न हलवता म्हणाली. "हस तू. हसत राहा."

सर धावत आले. त्यांनी एका नजरेत ओळखलं. आणि या माणसाचं मला तेव्हा फार कौतुक वाटलं, त्यांनी शांतपणे माईक घेतला आणि म्हणाले, "ही स्थिती थोडा वेळ धरून ठेवायची असते. आता आपण पाळण्याचं प्रात्यक्षिक बघू." चष्मेवाल्या मावशी पळाल्या आणि वॉर्डातून पाळणा ढकलत घेऊन आल्या. दांडीवर दोन हातपुसणी तशीच.

आम्ही मावशीला झोळीत घेतलं. बटण दाबलं. विहिरीतली बादली नाही म्हणणारी माझी मावशी भर सभेत हळूहळू वर गेली आणि पाहुण्यांच्या डोक्यावर गोल फिरून थांबली. लोकांना वाटलं, सगळं ठरलेलंच आहे. टाळ्यांचा कडकडाट झाला. मावशीने वरून मान लववली. वाचली होती ती. एक शब्द न बोलता सगळं निभावलं होतं.

मोठ्या सिस्टर जवळ आल्या, मान वर करून हळूच म्हणाल्या, "मावशी, खरं सांगा. दुखतंय?"

"छे हो. प्रात्यक्षिक आहे."

सिस्टरांनी सुटकेचा श्वास सोडला. तेवढ्यात साहेबांना हुक्की आली. भाऊंचं उचलणं तर राहूनच गेलं होतं. "या मावशींची भाची इथेच आहे," ते म्हणाले. "त्यांच्याच हाताखाली तयार झालेली. आता ती दाखवेल!"

सगळा हॉल माझ्याकडे बघायला लागला. भाऊ आधीच हसू दाबत होते. मी पलंगाकडे पाहिलं, आणि तो पाठीतला अंगठा आत्ताच रुतल्यासारखा झाला.

"उचल की," मावशी वरून म्हणाली, झोळीत झुलत. "बघता काय सगळे, आमच्या घरात पाठबीठ कुणाची दुखत नाही."

का कोण जाणे, त्या वाक्याने माझं डोकं फिरलं. थंडीपासूनचा सगळा राग एकदम वर आला.

"माझी दुखते," मी म्हणाले. माईक शेजारीच होता, हे मला नंतर कळलं. "थंडीपासून दुखते. मी नाही उचलणार."

मावशी झोळीतून वाकून बघायला गेली आणि कण्हली.

"थंडीपासून?" ती म्हणाली. "मग दुपारी सरांकडे जातेस ती..."

"व्यायामाला जाते."

"म्हणजे लग्न नाही?"

हे माईकमधून शेवटच्या रांगेपर्यंत गेलं. हॉल असा हसला की भाऊंना नुसतं ऐकूनच गुदगुल्या झाल्या. सरांचे कान लालभडक. मीही हसले, मग रडले, मग दोन्ही एकदम. मावशी मात्र हसली नाही. ती वरून माझ्याकडे बघत होती.

"सिस्टर," ती मग म्हणाली, आणि तो तिचा वॉर्डातला आवाज होता, पार रस्त्यापर्यंत जाणारा. "मी खोटं बोलले. मघाशी अडकले ते खरंच अडकले. माझी पाठ हिच्या आधीपासून दुखते. आणि हिची दुखते ती माझ्यामुळे. हाक मारू नकोस, एकटीने उचल, हे हिला मीच शिकवलं. कपड्यांच्या खोलीत कुणाला पाठवायचं असेल तर मला पाठवा. पोरीला वर राहू द्या. तिला पाळणा द्या, सर तिला व्यायाम देतील. आणि आता मला कुणीतरी खाली घ्या, मला चक्कर येतेय."

दुसऱ्या दिवशी सकाळी मोठ्या सिस्टरांनी नेहमीसारखं विचारलं, "कुणाची पाठ दुखतेय का?" त्या दिवशी छताकडे कुणी बघितलं नाही. खिडकीजवळच्या मावशी म्हणाल्या, माझी. चष्मेवाल्या म्हणाल्या, माझी मान आणि पाठ दोन्ही. मग सगळ्यांचीच तोंडं सुटली. एकीने तर घरच्या सासूचीही सांगितली. सिस्टर आमच्याकडे बघत राहिल्या. एवढ्या जणींना खाली पाठवायचं तर चादरी बाहेर काढून ठेवाव्या लागल्या असत्या. शेवटी त्या पलंगाच्या कडेवर टेकल्या आणि स्वतःच्या कंबरेला हात लावून म्हणाल्या, "बाई गं, मला वाटत होतं मी एकटीच."

साहेबांनी सरांना बोलावून झापलं. समारंभाआधी एक तक्रार नव्हती, समारंभानंतर अख्खा वॉर्ड आजारी, हे कसं? सर म्हणाले, "साहेब, पाठी होत्या तशाच आहेत. आता फक्त तोंडं उघडलीत." एवढ्याने काही झालं नसतं, पण सिस्टर सरांच्या बाजूने उभ्या राहिल्या आणि सकाळी कामाच्या वेळातच आम्हाला व्यायामाला वेळ मिळाला. पाळण्यावरची हातपुसणी निघाली. आता आम्ही जोडीने उचलतो, 'बैलजोडी' म्हणून हसत. पाठी दुखायच्या थांबल्या का? माझी बरीच थांबली. खिडकीजवळच्या मावशींची काही थांबली नाही, आणि त्या व्यायाम माझ्यापेक्षा चांगला करतात. ज्यांना सगळ्यांची एकदम बरी करायचीय त्यांनी खुशाल खोकं उचलावं.

मावशीला डॉक्टरांनी तपासलं आणि सांगितलं, माणूस उचलणं आता कायमचं बंद. ती खाली गेली. पेशंट मागे पाहत राहिले. जाताना तिने मागे वळून पाहिलं नाही, कारण मान वळत नव्हती, असं ती म्हणते.

मी रोज चहाच्या वेळी तळघरात जाते. कंबरेइतक्या उंच टेबलाशी ती आणि उंच मावशी समोरासमोर उभ्या असतात, चादरीची टोकं धरून. पहिले काही दिवस ती गप्प असायची. मला ते बघवायचं नाही. मी वरच्या बातम्या पुरवायची, आणि ती प्रत्येक पलंगाची चौकशी करायची. ड्रायव्हर आजोबांची सर्वांत शेवटी. आजोबांनी पाळणा बघून शिव्यांची लाखोली वाहिली होती, आणि प्रत्येक शिवीनंतर "तिला बोलवा" म्हणत होते. हे मी सांगितलं की मावशीच्या चेहऱ्यावर उजेड पडायचा. मला तेही कळत होतं.

परवा मी गेले तेव्हा ती खोळींच्या घड्या घालत होती.

"आजोबांना कुणी उठवलं?"

"आम्ही दोघींनी. पाळण्यात."

"शिव्या?"

"आज नाही दिल्या. वर गेल्यावर हसले. म्हणाले, इतक्या उंचावरून रस्ता चांगला दिसतो."

तिने एक खोळ ठेवली, दुसरी घेतली. "माझं विचारलं?"

मला खोटं बोलता आलं असतं. पण आमच्या घरात खोटं फार झालं होतं. "आज नाही विचारलं, मावशी."

तिने खोळीची घडी मोडली आणि पुन्हा घातली. उंच मावशी उगाच कपाटाकडे गेली. मावशीने विचारलं, "तुझी पाठ?"

"आज अजिबात नाही दुखली."

"मग झालं तर," ती म्हणाली. हातातल्या धुतलेल्या, इस्त्रीच्या खोळीने तिने डोळे पुसले, नाकही पुसलं, आणि ती खोळ पुन्हा धुवायला बाजूला टाकली.